बटण तुटले तर बटणच द्या

ऑटोमॅटिक गाड्यांच्या सिलेक्टरबद्दल वाचकांची पत्रे गेले काही महिने सतत येत आहेत आणि बहुतेकांचे गाऱ्हाणे एकच आहे. बिघाड सापडतो, दुरुस्तीही जमते, पार्ट मिळत नाही. यातले परंड्याच्या एका गॅरेजमालकांचे पत्र आम्ही मुद्दाम पुढे ठेवतो, कारण सगळा घोळ त्यात उघडा पडला आहे.

गावातल्या एका शिक्षकांनी पुण्याहून घेतलेली एमएच-12 पासिंगची जुनी सीव्हीटी गाडी. रात्री पीमध्ये लावली, सकाळी लिव्हर जागचा हलेना. ब्रेक दाबला की सोलेनॉइडचा टक् आवाज येत होता, म्हणजे फ्यूज, ब्रेक स्विच, शिफ्ट लॉक सगळे शाबूत. नॉबचे बटण मात्र नुसतेच आत जात होते, बोटाला स्प्रिंगचा दाब लागत नव्हता. मेस्त्रींनी हँडब्रेक ओढला, चाकाखाली दगड लावला, कॉलर खाली ओढून क्लिप काढली आणि नॉब उपसला. बटणाचा आडवा दाब उभा करून रॉडला खाली ढकलणारा जो तिरपा सरकता तुकडा असतो, तो मधोमध चिरला होता. नखाएवढे प्लॅस्टिक. रॉड स्क्रू ड्रायव्हरने दाबून लिव्हर एनमध्ये घेतला, गाडी सावलीत ढकलली आणि मेस्त्रींनी फोन उचलला.

अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या पार्ट काउंटरवरून उत्तर आले, "बटण सुटं येत नाही. नॉबही सुटा येत नाही. शिफ्टर असेंब्ली येते." किंमत पाच आकडी. आणि तीही काउंटरवर मिळणार नाही, गाडी वर्कशॉपला आणावी लागेल. म्हणजे परंड्याहून सोलापूरपर्यंत टोइंग, वर लेबर, वर कन्सोल उघडण्याचे वेगळे. शिक्षकांनी विचारले, "गिअरबॉक्स गेला का हो?" गिअरबॉक्स ठणठणीत होता. नाकापेक्षा मोती जड झाला होता.

मेस्त्रींनी शेवटी तुटके दोन्ही तुकडे घेऊन बार्शी गाठली आणि लेथवाल्याकडून डेलरिनचा नवा तुकडा करून आणला. उतार कानशीने हाताने जुळवला, रॉड पूर्ण खाली जातो आणि पूर्ण वर येतो हे पाहिले आणि गाडी दिली. चालते आहे. पण त्यांनी पत्रात विचारलेला प्रश्न आमच्या मनातून जात नाही: "माझ्या हाताला लेथवाला आहे म्हणून जमलं. ज्याला नाही त्यानं काय करावं? आणि उद्या माझा तुकडा तुटला तर जबाबदार कोण?"

'सुटा येत नाही' या उत्तराचा आता एकदा नीट विचार करू. असेंब्ली हा काही एका साच्यातून निघालेला ठोकळा नव्हे. कारखान्यात हा सरकता तुकडा वेगळाच ओतला जातो, स्प्रिंग वेगळी येते, बटण वेगळे येते, नॉबचे कव्हर वेगळे. जुळवणीच्या टेबलावर कोणीतरी ते एकत्र बसवतो. म्हणजे सुटा भाग अस्तित्वात आहे. पार्ट कॅटलॉगच्या चित्रात त्याला नंबर द्यायचा नाही, एवढे ठरवलेले आहे. हा निर्णय कॅटलॉग करणाऱ्यांचा आहे, इंजिनिअरिंगची अडचण नाही. एकेक तुकड्याचा साठा ठेवणे महाग पडते हा कंपन्यांचा युक्तिवाद आम्हाला ठाऊक आहे. पण बटण, सरकता तुकडा, स्प्रिंग आणि क्लिप यांची चार वस्तूंची एक पुडी एका नंबरखाली विकायला कोणाचे गोदाम अपुरे पडणार आहे? ब्रेक कॅलिपरची रबर किट, मास्टर सिलिंडरची किट आपण वर्षानुवर्षे विकत घेतच आहोत.

शिफ्ट-बाय-वायर गाड्यांची गोष्ट निराळी. तिथे लिव्हरखाली पोझिशन सेन्सर आणि सर्किट आहे, जागा चुकली तर कंट्रोल युनिट चुकीचा हुकूम घेते. तिथे कंपनीने अख्खे युनिट बदला म्हटले तर आम्ही भांडणार नाही. पण केबलवर चालणाऱ्या साध्या पी-आर-एन-डी लिव्हरलाही तोच नियम लावायचा, हे पटण्यासारखे नाही.

हा प्रश्न आता तालुक्याच्या गावांत का पोहोचला, हे आपल्या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. 2014 मध्ये सेलेरिओबरोबर स्वस्त एएमटी आली आणि ऑटोमॅटिक ही मोठ्या गाडीचीच चैन राहिली नाही. त्या काळातल्या गाड्या, एएमटी असोत की सीव्हीटी, आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत. वॉरंटी केव्हाच संपली. पुण्या-मुंबईत सावलीत वाढलेली गाडी इकडे बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हात अंगणात उभी राहते, कन्सोलचे प्लॅस्टिक ठिसूळ होते, नॉबवरचा मऊ थर चिकट होऊन हाताला लागतो. त्यात सप्टेंबर 2025 मध्ये सीनेला आलेल्या पुराने परंडा-भूम भागात ज्या गाड्या पाण्यात गेल्या, त्यांचे शिफ्टर अजून दुखणी काढणार आहेत. सोलेनॉइडचा प्लंजर गंजून अडकतो, पी ओळखणारा मायक्रोस्विच हिरवा पडतो आणि किल्ली निघत नाही. अशी गाडी आली की आधी कनेक्टर उघडा. नॉबला दोष द्यायची घाई नको.

कायदा आपल्या बाजूने नाही असे म्हणणाऱ्यांनी जरा तारखा पाहाव्यात. केस क्रमांक 03/2011 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. ठपका हाच होता की सुटे भाग, डायग्नोस्टिक टूल आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना मिळू दिली जात नाही. आदेशात स्पष्ट म्हटले आहे की स्वतंत्र गॅरेजांच्या वाटेत अडथळे आणू नका, आणि बाहेर काम केले एवढ्या कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नका. डिसेंबर 2016 मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांचा दंड घटवला, ठपका मात्र कायम ठेवला. आदेशाला दहा वर्षांहून अधिक काळ लोटला आणि परंड्याच्या मेस्त्रींना काउंटरवरून आजही 'गाडी आणा' हेच ऐकावे लागते.

मग 24 डिसेंबर 2022 रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर'चे पोर्टल सुरू केले. शेती अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने अशी चार क्षेत्रे त्यात घेतली. हेतू चांगला, आम्ही तेव्हा स्वागतच केले होते. पण प्रत्यक्षात पोर्टल उघडून कंपनीच्या नावावर गेले की माणूस फिरून कंपनीच्याच कस्टमर केअरपाशी आणि सर्व्हिस सेंटरपाशी येतो. ज्या काउंटरने नकार दिला त्याच काउंटरचा पत्ता. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी!

याहून मोठी गंमत कायद्याच्या व्याख्येत आहे, आणि ती आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 2(7) प्रमाणे पुनर्विक्रीसाठी माल घेणारा माणूस ग्राहक ठरत नाही. पार्ट घेऊन तो गिऱ्हाइकाच्या बिलात लावणारे आपण त्यात अडकतो. दुसरीकडे, ज्याची गाडी अडली तो मालक ग्राहक आहे, पण पार्ट नंबर म्हणजे काय हे त्याला माहीत नसते. ज्याला माहिती आहे त्याला तक्रारीचा हक्क नाही आणि ज्याला हक्क आहे त्याला माहिती नाही. मंत्रालयात बसून योजना आखणाऱ्या अधिकाऱ्यांनी एखाद्या तालुक्याच्या गॅरेजात एक दुपार घालवली असती तर ही फट त्यांना तिथेच दिसली असती. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात 2012 साली मतदारांनी वाहन दुरुस्तीच्या हक्काचा कायदा मतपेटीतून मंजूर केला आणि स्वतंत्र गॅरेज त्याच्या केंद्रस्थानी ठेवले. आपल्या पोर्टलवर गॅरेजवाल्याला स्वतःच्या नावाने, स्वतःच्या उद्यम नोंदणीवर 'पार्ट नाकारला' अशी तक्रार नोंदवता आली पाहिजे. आमची मागणी एवढीच आहे आणि ती पुरी करायला नवा कायदा लागत नाही.

आता आपल्याच मंडळींबद्दल. नॉबची गोष्ट वेगळी आणि केबल बुशची वेगळी, हे काही जणांना अजून कळत नाही किंवा कळून घ्यायचे नाही. नॉबमधला तुकडा तुटला तर गाडी अडून राहते, मनुष्य मरत नाही. गिअरबॉक्सच्या टोकाला केबलचा जो प्लॅस्टिकचा बुश असतो तो उष्णतेने भुगा झाला तर लिव्हर पीमध्ये दिसतो आणि गिअरबॉक्स मागच्याच गिअरमध्ये राहतो. चालक उतरतो आणि उतारावर गाडी निघते. फोर्डने जून 2022 मध्ये अमेरिकेत याच कारणासाठी सुमारे 29 लाख गाड्या परत बोलावल्या. इतके असूनही बुशच्या जागी बाइंडिंग वायर गुंडाळून गाडी देणारे गॅरेज आमच्या पाहण्यात आहे. शिफ्ट लॉकचा सोलेनॉइड कायमचा दाबून ठेवून 'ब्रेक न दाबताच निघते, बघा किती सोपं' असे गिऱ्हाइकाला सांगणारेही आहेत. घरातले पोर त्या लिव्हरशी खेळेल तेव्हा काय होईल, याचा विचार नाही. अशा कामाचे समर्थन हे मासिक कधीही करणार नाही.

त्याच रिकॉलमध्ये आपल्या मागणीचा पुरावाही आहे. फोर्डने त्या लाखो गाड्यांची अख्खी केबल बदलली नाही. बुश बदलला आणि वर संरक्षक टोपी बसवली. खर्च स्वतःच्या खिशातून जाणार तेव्हा बुश सुटा बदलता येतो, हे उद्योगाने स्वतःच दाखवून दिले आहे. गिऱ्हाइकाच्या खिशातून जाणार असेल तेव्हाही तो बदलता आला पाहिजे.

नॉबच्या कामातही थोडी शिस्त हवी. फेविक्विक किंवा एम-सील लावून बटण चिकटवू नका. रॉड अर्धवट खाली अडकला तर पीचा खटका पूर्ण बसत नाही, मायक्रोस्विच लागत नाही, किल्ली निघत नाही आणि रात्रभरात बॅटरी उतरते. थ्रीडी प्रिंटवाल्याकडून तुकडा करून घेणारे वाढले आहेत. त्यांनी पीएलए वापरू नये. साठ अंशांच्या आसपास ते मऊ पडते आणि मे महिन्यात बंद गाडीचे कन्सोल तेवढे सहज तापते. नायलॉन किंवा डेलरिन घ्या. ज्यांच्या नॉबमध्ये ओव्हरड्राइव्हचे बटण आहे त्यांनी नॉब उपसण्याआधी वायरची ढील मोजावी, नाहीतर एका दुखण्याची दोन होतात. काम झाल्यावर प्रत्येक वेळी लिव्हर पीमध्ये टाकून, हँडब्रेक सोडून, गाडी हाताने पुढेमागे ढकलून पाहा. डॅशवरचे अक्षर आणि लिव्हरची जागा जुळते का, पी आणि एन सोडून स्टार्टर लागत नाही ना, हे पाहिल्याशिवाय किल्ली देऊ नका. आणि बाहेरून बनवलेला भाग बसवला असेल तर बिलावर तसे स्पष्ट लिहा.

आणि फोनवरचा नकार ऐकून गप्प बसणे आता पुरे करा! पार्टची मागणी लेखी करा: चेसिस नंबर, हवा असलेला भाग, त्याचा फोटो, तारीख. मेल करा किंवा काउंटरवर पोच घ्या. नकार आला तर तोही लेखी मागा. लेखी देत नसतील तर असेंब्लीचे कोटेशन तरी घ्याच, त्यात सुटा भाग नाकारल्याचे आपोआप सिद्ध होते. गिऱ्हाइकाला समोर बसवा, त्याच्या नावाने राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर तक्रार नोंदवून द्या आणि तक्रारीचा क्रमांक जॉब कार्डवर लिहून ठेवा. या कामाला दहा मिनिटे लागतात. आपल्या संघटनांच्या जिल्हा शाखा दरवर्षी स्नेहसंमेलन आणि सत्कार घेतात, त्यांनी या वर्षी प्रत्येक तालुक्यात एक माणूस फक्त या कागदपत्रांसाठी नेमावा.

परंड्याच्या मेस्त्रींनी त्यांचे कोटेशन आणि चिरलेल्या तुकड्याचा फोटो आमच्याकडे पाठवला आहे. तो पहिला कागद. तसेच कागद धाराशिव, सोलापूर, बीड, लातूर, जिथून असतील तिथून या महिनाअखेरीपर्यंत आमच्या कार्यालयात यावेत. एकेकट्या तक्रारीला कोणी विचारत नाही, म्हणून त्यांचा एकत्र गठ्ठा करून आम्ही तो स्पर्धा आयोगाकडे आणि ग्राहक व्यवहार विभागाकडे स्वतः देणार आहोत. गिऱ्हाइकाचे नाव आणि चेसिस नंबर झाकून झेरॉक्स पाठवा, मूळ कागद जवळ ठेवा आणि पाकिटावर गाडीचे मॉडेल, साल आणि नाकारलेल्या भागाचे नाव ठळक लिहा.