दोन धावपट्ट्यांमधील अंतर कोणासाठी घटले?

सिमल्याच्या जुब्बरहट्टी विमानतळापासून कांगड्याचा गग्गल विमानतळ सरळ रेषेत सुमारे 140 किलोमीटरवर आहे. रस्त्याने सिमला ते धर्मशाला हे अंतर 230 किलोमीटरांच्या पुढे जाते, आणि घाटवळणांतून बसला सात-आठ तास लागतात. विमान तेच अंतर तासाच्या आत कापते. एवढ्या एका तुलनेच्या बळावर राज्यकर्त्या वर्गाने प्रादेशिक विमानसेवेचे ढोल बडविले आहेत.

याच जुब्बरहट्टीवरून 27 एप्रिल 2017 रोजी पंतप्रधान मोदी यांनी 'उडान' योजनेचे पहिले विमान दिल्लीस रवाना केले आणि हवाई चप्पल घालणाराही हवाई जहाजात दिसला पाहिजे, असे सांगितले. (मराठीत आणताना ही कोटी विरून जाते, उरतात त्या नुसत्या सपाता.) सुमारे तासाभराच्या उड्डाणाला 2500 रुपये ही भाड्याची मर्यादा ठरली, पण तीही विमानातील ठराविक आसनांपुरतीच. उरलेल्या आसनांचे दर बाजाराने ठरवावयाचे, आणि कंपनीची तूट मात्र सार्वजनिक निधीतून भरून द्यावयाची!

शिवाय वेळापत्रकातला तास हा धावपट्टीपासून धावपट्टीपर्यंतचा. जुब्बरहट्टी सिमल्यापासून वीसएक किलोमीटर दूर. तिथली धावपट्टी इतकी आखूड की छोट्या विमानालाही प्रवासी कमी घेऊन उडावे लागले. धुके उतरले की सारेच रद्द.

महालेखापरीक्षकांचा 2023 चा अहवाल तर बोलका आहे. तिसऱ्या फेरीपर्यंत मंजूर झालेल्या 774 मार्गांपैकी 403 मार्ग सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या 371 पैकी अवघ्या 112 मार्गांनी तीन वर्षांची सवलतीची मुदत पूर्ण केली, आणि मार्च 2023 मध्ये त्यांतले 54 तेवढे चालू होते. सवलत संपली की कंपनीचे लोकप्रेमही संपते.

डोंगरी जनतेला विमान नको, असे आमचे म्हणणे नाही. अडल्या रुग्णाला ते जरूर हवे. पण त्याच कांगड्यात 1929 पासून पठाणकोट ते जोगिंदरनगर अशी 164 किलोमीटरची अरुंद रेल्वे आहे. मजूर, विद्यार्थी, भाजी विकणाऱ्या बाया, सैन्यातून रजेवर येणारे जवान यांची ती गाडी. 20 ऑगस्ट 2022 रोजी चक्की नदीवरील तिचा पूल पुरात कोसळला आणि पठाणकोटशी असलेला दुवा तुटला. 2023 साल संपले तरी त्या जागी नव्या पुलावरून गाडी धावली नव्हती. त्याच काळात गग्गलची धावपट्टी वाढविण्यासाठी खोऱ्यातील सुपीक जमीन संपादन करण्याची घाई मात्र चालली होती, आणि त्या गावांतले शेतकरी विरोधात उभे राहिले होते.

विमानाचे चाक वेळेवर टेकावे म्हणून ज्याचे भातखाचर जाते, तो त्या विमानात बसणार नाही. त्याला पठाणकोटची गाडी हवी आहे, आणि तिच्यासाठी सार्वजनिक निधीतून तूट भरून देण्याची योजना दिल्लीत कोणी जाहीर केल्याचे आमच्या तरी वाचनात आलेले नाही.