कट्यारीची मैफल आणि भिवंडीचे कान

१२ नोव्हेंबर २०१५ रोजी, ऐन दिवाळीत, दोन गाणीप्रधान चित्रपट एकाच दिवशी प्रदर्शित झाले. एक सलमान खानचा 'प्रेम रतन धन पायो', दुसरा सुबोध भावे यांनी दिग्दर्शित केलेला पहिलाच चित्रपट 'कट्यार काळजात घुसली'. पहिल्याच्या वाट्याला देशभरातील पडदे आले. दुसऱ्याने पुणे, ठाणे, डोंबिवली, दादर या परिचित प्रदेशात मुक्काम ठोकला आणि कोणाचीही अपेक्षा नसताना तो आठवडे लांबवत नेला. शास्त्रीय संगीतावरचा मराठी चित्रपट सलमानसमोर टिकतो, याचे कौतुक तेव्हा भरपूर झाले. परंतु तो नेमका कोणासमोर टिकला आणि कोणाच्या कानावर पडलाच नाही, हा प्रश्न मात्र बाजूला राहिला. ठाण्यापासून जेमतेम पंधरा किलोमीटरवर असलेली भिवंडी हे या प्रश्नाचे सर्वांत जवळचे ठिकाण आहे.

आधी चित्रपटगृहात काय घडले ते पाहू. संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला 'वन्स मोअर'ची सवय. गायक नटाने पद संपवले की टाळ्यांच्या बळावर ते पुन्हा म्हणवून घेण्याचा त्याचा हक्क शंभर वर्षांहून जुना आहे. पडद्यापुढे तो हक्क चालत नाही. तरीही 'कट्यार'च्या खेळांना गाणे संपताच टाळ्या पडत होत्या, तानेला दाद मिळत होती आणि वन्स मोअर मिळत नाही म्हटल्यावर लोक दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तिकीट काढत होते. आजी-आजोबांना नातवंडे घेऊन येत होती आणि अनेक घरांत उलटही घडत होते. डिसेंबर १९६७ मध्ये 'नाट्यसंपदा'ने रंगभूमीवर आणलेले पुरुषोत्तम दारव्हेकरांचे हे नाटक, त्यातील पंडित जितेंद्र अभिषेकी यांचे संगीत आणि खाँसाहेबांच्या भूमिकेतील वसंतराव देशपांडे हे ज्यांच्या स्मरणात होते, त्यांनी चित्रपटाची वाट कौतुकाने आणि काहीशा धास्तीने पाहिली होती.

ती धास्ती अगदीच निराधार नव्हती. जाणकारांचे आक्षेप आले आणि त्यांत तथ्यही होते. पदे आखूड झाली. रंगमंचावर विस्ताराने फुलणारा राग पडद्यावर काही मिनिटांत आटोपला. शंकर-एहसान-लॉय यांच्या नव्या गाण्यांचा वाद्यमेळ अभिषेकींच्या चालींशेजारी काहींना भपकेबाज वाटला. सर्वांत मूलभूत आक्षेप आवाज आणि चेहरा यांच्या फारकतीचा होता. खाँसाहेब झालेले सचिन पिळगावकर राहुल देशपांडे यांच्या गळ्याने गातात, सदाशिव झालेले सुबोध भावे महेश काळे यांच्या. पंडित भानुशंकरांच्या भूमिकेतील शंकर महादेवन तेवढे स्वतःच्या आवाजात गातात. गाणारा नट हा मराठी रंगभूमीचा कणा. त्याचेच दोन तुकडे करून हा चित्रपट उभा राहिला. (वसंतराव आणि सचिन १९७९ च्या 'अष्टविनायक'मध्ये पितापुत्र होते, छत्तीस वर्षांनी पुत्राने पित्याची गाजलेली भूमिका केली आणि गळा दिला वसंतरावांच्या नातवाने, हा योग जुन्या प्रेक्षकांनी आवर्जून एकमेकांना सांगितला.)

सामान्य प्रेक्षकाने ही फारकत मनावर घेतली नाही. त्याचे एक कारण असे, की गाणारे गळे उसने असले तरी ते याच नाटकात मुरलेले होते. २०१० च्या सुमारास नाटक पुन्हा उभे राहिले तेव्हा राहुल देशपांडे खाँसाहेब आणि महेश काळे सदाशिव झाले होते. एकच पद दोन घराण्यांच्या वळणाने कसे बदलते, हे 'घेई छंद'च्या दोन रूपांतून चित्रपट ज्या सहजतेने दाखवतो, ती सहजता तालमीतून आलेली आहे. रागाचे नाव ठाऊक नसलेल्या श्रोत्यालाही एक गाणे शांत आहे आणि दुसरे ईर्ष्येने पेटलेले आहे, हे कळते. 'अरुणि किरणी'साठी महेश काळे यांना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याआधी २०११ च्या 'बालगंधर्व'साठी तो आनंद भाटे यांना मिळाला होता आणि पुढे 'मी वसंतराव'साठी राहुल देशपांडे यांना मिळाला. एका दशकात तीन मराठी संगीतपटांना गायनाचा हा सन्मान लाभला. नाट्यसंगीत इतिहासजमा झाले, असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब लक्षात ठेवावा.

आता भिवंडी. २०११ च्या जनगणनेनुसार सात लाखांहून अधिक वस्तीचे, लाखो यंत्रमागांचे हे शहर. उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन-अन्सारी विणकर, जुने कोकणी मुसलमान, पद्मानगरातले तेलुगू भाषक पद्मशाली, गुजराती-मारवाडी व्यापारी आणि भोवतालच्या काल्हेर, कशेळी, अंजूर अशा गावांतला आगरी-कोळी समाज. मराठी संगीतपटाचा 'रसिक' म्हणून जे चित्र डोळ्यांपुढे येते, त्यात यांपैकी कोणीच बसत नाही. वितरकांच्या यादीत ठाणे, डोंबिवली, कल्याण ही नावे ठरलेली. भिवंडी आली की मराठी चित्रपटासाठी 'तेथे चालणार नाही' हे उत्तर तयार असते. हे उत्तर कितपत तपासलेले आहे?

'कट्यार'चेच उदाहरण घेतले तरी ते डळमळते. या चित्रपटातील निम्मे जग उर्दूमिश्रित हिंदीत बोलते. आफताब हुसेन बरेलीवाले हे खाँसाहेबांचे नावच त्यांचा मुलूख सांगते. भिवंडीतील हजारो विणकर कुटुंबांची मुळे त्याच उत्तर प्रदेशातली. 'दिल की तपिश' समजण्यास त्यांना भाषांतर लागणार नाही. 'यार इलाही' ही तर उघड कव्वालीच. दिवानशाह दर्ग्याच्या या शहराला कव्वाली कशी ऐकावी, कोठे दाद द्यावी, कोणता मिसरा परत म्हणवून घ्यावा, हे शिकवावे लागत नाही. नाट्यगृहातील वन्स मोअर आणि कव्वालीच्या बैठकीतील 'मुकर्रर' यांत फरक शब्दाचा आहे, वृत्तीचा नाही. मुशायऱ्याची परंपरा येथे जिवंत आहे; डिसेंबर २०१६ मध्ये, नोटाबंदीने खिसे रिकामे असतानाही, येथे भरलेल्या उर्दू पुस्तक मेळ्याला वाचकांनी गर्दी केली होती. शब्द कान देऊन ऐकणारा हा समाज आहे. आगरी गावांतही भजनी मंडळे आहेत, लग्नातले धवले आहेत. अभंगाच्या चालीत वाढलेल्या कानाला 'सूर निरागस हो' परके वाटण्याचे कारण नाही.

कानाचा विषय निघाला, तर या शहरात तो केवळ अलंकारिक राहत नाही. यंत्रमागाच्या शेडमधील आवाज अनेकदा नव्वद डेसिबलच्या पुढे जातो आणि आठ तासांच्या पाळीसाठी कारखान्यांत मानली जाणारी मर्यादाही तेवढीच आहे. विणकराची पाळी मात्र बहुधा बारा तासांची. अशा गोंगाटाने येणारा बहिरेपणा आधी वरच्या कंप्रसंख्यांना, साधारण चार हजार हर्ट्झच्या आसपास, धरतो. स, श, फ, ट यांसारख्या व्यंजनांची धार तेथेच असते. म्हणजे वर्षानुवर्षे मागावर उभ्या राहिलेल्या माणसाला आवाज ऐकू येतो, पण शब्द निसटतात. ठेका पोहोचतो, हरकत पोहोचत नाही. टाळीच्या ठेक्यावर, खड्या आवाजात, एकच ओळ पुनःपुन्हा घोळवणारी कव्वाली अशा श्रोत्यापर्यंत अधिक सहज जात असावी, असा तर्क करण्यास जागा आहे. 'या लोकांना बारीक गाणे कळत नाही' हा शेरा मारण्यापूर्वी ते गाणे ऐकण्याची इंद्रियेच कोणत्या कामात झिजली, याचा विचार झालेला बरा.

तथापि भिवंडीच्या संदर्भात 'कट्यार'चा खरा अवघड भाग वेगळाच आहे. चित्रपटातील खाँसाहेब वर्षानुवर्षे हरतात, मत्सराने जळतात. त्यांच्या घरातूनच पंडितजींच्या अन्नात शेंदूर मिसळला जातो आणि निर्मळ मनाच्या पंडितजींचा आवाज जातो. नाट्यसंगीताच्या प्रेक्षकाला ही गोष्ट दोन कलावंतांची, कलेतल्या अहंकाराची वाटते. कथेचा हेतूही तोच आहे. पण १९७० आणि १९८४ च्या दंगली ज्या शहराने सोसल्या, तेथे हिंदू पंडित आणि मुसलमान उस्ताद यांची ही मांडणी तितक्याच निरागसपणे पाहिली जाईल, असे गृहीत धरता येत नाही. चित्रपटाने खाँसाहेबांना गडद केले, ही टीका मराठीतही झाली होती. तिच्याकडे 'कलाकृतीत धर्म शोधू नका' एवढ्याच वाक्याने पाहिले गेले. धर्म शोधण्याची गरज ज्यांना कधी पडली नाही, त्यांना असे म्हणणे सोपे जाते.

दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. खाँसाहेब हा या कथेतील सर्वांत मोठा माणूस आहे. पंडितजी चांगले आहेत, सदाशिव चिकाटीचा आहे. पण झगडा, पश्चात्ताप आणि शेवटचे औदार्य हे सारे खाँसाहेबांच्या वाट्याला येते. टाळ्याही बहुतेक त्यांनाच पडल्या. ठाण्या-पुण्याच्या चित्रपटगृहांत एका मुसलमान उस्तादाच्या तानेवर हजारो मराठी माणसे माना डोलवत होती, ही गोष्ट लहान नाही. आणि ती खोटीही नाही, कारण मराठी संगीताचा इतिहासच तसा आहे. अल्लादिया खाँ कोल्हापुरात स्थिरावले आणि केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर घडल्या. अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले आणि सवाई गंधर्व घडले. भास्करबुवा बखले यांनी फैज महंमद खाँ, नत्थन खाँ, अल्लादिया खाँ अशा एकामागून एक उस्तादांच्या पायाशी बसून विद्या मिळवली आणि ती बालगंधर्वांच्या गळ्यापर्यंत पोहोचवली. 'कट्यार'चे संगीतकार अभिषेकी स्वतः अजमत हुसेन खाँ यांचे शिष्य. वसंतराव लाहोरात असद अली खाँ यांच्याकडे शिकलेले. ज्या पदांना आपण अस्सल मराठी म्हणतो, त्यांच्या चालींखाली उस्तादांच्या बंदिशी आहेत. भिवंडीच्या प्रेक्षकाला हा इतिहास कोणी सांगितलेला नाही. डोंबिवलीच्या प्रेक्षकाला तो सांगितलेला आहे, पण त्यातून निघणाऱ्या निमंत्रणाची आठवण त्याला क्वचितच होते.

हे निमंत्रण अशक्य कोटीतले आहे असेही नाही. १९८४ नंतर याच शहरात पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्यांचा प्रयोग केला. दोन्ही समाजांची माणसे नियमित एकत्र बसू लागली आणि १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. जेथे दंगल टाळण्यासाठी माणसे एकत्र बसू शकतात, तेथे गाणे ऐकण्यासाठी बसणार नाहीत, हे कशावरून?

मराठी चित्रपटाविषयीचे सरकारी धोरण या प्रश्नापर्यंत पोहोचतच नाही. एप्रिल २०१५ मध्ये तत्कालीन सांस्कृतिक कार्यमंत्री विनोद तावडे यांनी बहुपडदा चित्रपटगृहांत मराठी चित्रपटाला 'प्राइम टाइम' देण्याची घोषणा केली. गदारोळानंतर दुपारी बारा ते रात्री नऊ अशी तिची व्याप्ती ठरली. भांडण पडद्याच्या वेळेचे होते, पडदा कोणत्या शहरात आहे याचे नव्हते. प्रेक्षक म्हणून गृहीत धरला होता तो आधीच मराठी चित्रपट पाहणारा. नाटकाचेही तेच. संगीत नाटकाचा चांगला प्रयोग पाहायचा तर भिवंडीकराने ठाण्याचे गडकरी रंगायतन किंवा कल्याणचे आचार्य अत्रे रंगमंदिर गाठावे, हीच रीत. आणि अंजूरफाट्याच्या वाहतूक कोंडीतून रात्रीचा प्रयोग गाठणे हा स्वतंत्र पराक्रम आहे.

'कट्यार'नंतर साडेपाच महिन्यांनी, एप्रिल २०१६ अखेर 'सैराट' आला आणि अजय-अतुल यांच्या गाण्यांवर लोक चित्रपटगृहात उठून नाचले, पडद्यावर पैसे उधळले गेले. मराठी न येणाऱ्यांनीही 'झिंगाट' उचलले. मराठी गाणे भाषेचे कुंपण ओलांडू शकते, हे त्याने सिद्ध केले. मात्र ते अंगात भिनणारे गाणे होते, बसून ऐकण्याचे नव्हे. बसून ऐकण्याच्या गाण्याचा प्रेक्षक पुढे वाढला नाही. २०२२ च्या 'मी वसंतराव'मध्ये राहुल देशपांडे स्वतःच नायक झाले, चेहरा आणि गळा पुन्हा एक झाला, समीक्षकांनी मनापासून वाखाणले. जानेवारी २०२५ मध्ये सुबोध भावे आणि शंकर-एहसान-लॉय यांनी खाडिलकरांचे १९११ चे 'मानापमान' पडद्यावर आणले. 'कट्यार'ला लाभला तसा प्रतिसाद त्याला लाभला नाही. कथेची चर्चा झाली, वेशभूषेची झाली, गाण्यांच्या संख्येची झाली. पण दहा वर्षांनंतरही त्याच चार-पाच शहरांतील त्याच प्रेक्षकाला पुन्हा बोलावले जात होते आणि मधल्या काळात तो प्रेक्षक दहा वर्षांनी म्हातारा झाला होता, हे कारण फारसे कोणी मोजले नाही.

भिवंडीत एखादा खेळ लावण्यास फार काही लागणार नाही. हिंदी आणि उर्दू उपशीर्षके, पाळी सुटण्याच्या वेळेशी जुळणारी वेळ आणि भित्तिपत्रकावर नायकाच्या तोडीने त्या कव्वालीचा उल्लेख. खेळ पडला तर एका दिवसाचे भाडे जाईल. खाँसाहेबांच्या चित्रणावर तेथे कोणी प्रश्न विचारलाच, तर तो पुण्यातील परिसंवादापेक्षा अधिक नेमका असण्याची शक्यता आहे. आणि 'दिल की तपिश' संपल्यावर मागच्या रांगेतून 'मुकर्रर' अशी आरोळी आली, तर ती नाट्यसंगीताच्या दरबारात फार उशिरा पोहोचलेली दाद असेल.