पाटी एकच, आतला माल निराळा

कृषी सेवा केंद्राच्या एकाच पाटीखाली युरिया मिळतो, बियाणं मिळतं आणि तणनाशकही मिळतं. दुकान ओळखीचं म्हणून कोणी तणनाशक कपाशीच्या मुळाशी ओतत नाही. डबा हातात घेऊन आधी विचारतो, "हे कशाचं?" पैसे गुंतवताना मात्र आपण पाटी वाचतो आणि डबा विसरतो.

२०१७-१८ साली समृद्धी महामार्गात जमिनी गेल्या, खात्यावर मोबदला आला आणि मोबदल्याच्या मागोमाग सुटाबुटातली माणसंही आली. आजही रस्ता, धरण, एमआयडीसी काहीही निघो, तोच प्रकार. हातात गुळगुळीत माहितीपुस्तक, तोंडात "प्रायव्हेट फंड". कंपनी फार मोठी आहे म्हणे. असेलही. पण त्या कंपनीचा कोणता फंड, हा खरा प्रश्न आहे.

असे खासगी फंड सेबीच्या २०१२ च्या पर्यायी गुंतवणूक निधी नियमांखाली चालतात. त्यांचे तीन वर्ग आहेत आणि एकच कंपनी निरनिराळ्या वर्गांतले फंड चालवू शकते. पहिल्या वर्गात नव्या कंपन्या, लघुउद्योग, पायाभूत सुविधा. ही फळबाग समजा. बरीच रोपं मरतात, जी जगतील त्यांनी सगळ्यांचा खर्च भरून काढायचा. दुसऱ्या वर्गात दोन स्वभाव एकत्र नांदतात. एक फंड चालत्या धंद्यात हिस्सा घेतो आणि काही वर्षांनी विकतो. म्हणजे हडकुळी म्हैस घ्यायची, चारापाणी करायचं आणि बाजार दाखवायचा. दुसरा फंड कंपन्यांना कर्ज देऊन व्याजावर जगतो. व्याज ऐकायला बरं वाटतं. पण बँक ज्याला सहज देत नाही असाही कर्जदार तिथं येतो, म्हणून तर ते जादा असतं. तिसऱ्या वर्गाची तऱ्हाच वेगळी. शेअर, वायदे, तेजी आणि मंदी दोन्हीकडून डाव, आणि तोही उसन्या पैशावर लावायची मुभा.

पहिल्या दोन वर्गांत पैसा किमान तीन वर्षं अडकतो, बहुधा त्याहून बराच जास्त. मृग निघाला, बियाण्याला पैसे हवेत, असं म्हणून तो परत मागता येत नाही. उलट काही फंड रक्कम हप्त्याहप्त्याने मागवतात. चिठ्ठी आली की भरायचं, चुकलं तर दंड. वर व्यवस्थापनाची फी दरसाल आणि नफ्यात वाटा वेगळा. बटाईदार निदान पीक बुडाल्यावर काही मागत नाही. इथं फी तरी द्यावीच लागते.

आता खरी गोम. या फंडांत सर्वसाधारण गुंतवणूकदाराला किमान एक कोटी रुपये टाकावे लागतात. मला ही अट पटते. जो तुमच्याकडं पन्नास हजार मागतो, तो मग हा फंड विकतच नाही! "दहा जण मिळून एकाच्या नावावर टाकू" म्हणाला तरी ऐकू नका. कागदावर ज्याचं नाव, पैसा त्याचा. बाकीचे नऊ भांडत बसणार. दरमहा ठराविक टक्क्यांची हमी देत असेल तर दार दाखवा. पर्ल्स म्हणजे पीएसीएलने जमिनीच्या नावावर देशभरातल्या सुमारे ५ कोटी ८५ लाख लोकांकडून ४९,१०० कोटी रुपये गोळा केले. २०१४ मध्ये सेबीने ते परत करायला सांगितलं, २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने लोढा समिती बसली, आणि लोक पावत्या सांभाळत राहिले.

ज्याच्या खात्यावर मोबदल्याचे कोटभर आलेच आहेत, त्यालाही माझं मत सांगतो. आधी कर्ज फेडा, जमीन घ्या, उरलं तर बँकेत ठेवा. बियाण्याचं पोतं गिरणीत नेत नाहीत. तरी मन ओढ घेत असेल तर सेबीचा नोंदणी क्रमांक मागा. त्यात एआयएफ या अक्षरांपुढे १, २ किंवा ३ असतो. तोच फंडाचा वर्ग. पोराला सांगा, सेबीच्या यादीत मोबाईलवर ताडून बघ.

सरपंच आणि ग्रामसेवकांनाही (२०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं!) एक विनंती. असल्या सभेला समाजमंदिर देऊ नका. खऱ्या खासगी फंडाला लोकांत दवंडी पिटून पैसा गोळा करता येत नाही. सतरंजी अंथरून जो मागतो, तो नियमाबाहेरचा. अनियमित ठेवींवर बंदी घालणारा २०१९ चा कायदा आहे, पोलीस ठाण्याला फोन करा, आणि तो त्याची गाडी गावात उभी आहे तोवरच करा.