घरचा हिशेब : थोडक्या पैशांत चांगला कॅमेरा

लग्नसराई किंवा उन्हाळ्याची सुटी जवळ आली की, "यंदा घरात एक कॅमेरा घेऊ या," असा विषय कित्येक घरांत निघतो. जाहिराती वाचून मन गोंधळते आणि दुकानात पाऊल टाकल्यावर तर जो दुकानदार अधिक बोलतो त्याचाच माल चांगला वाटू लागतो. काही वर्षांपूर्वी माझेही असेच झाले.

धाकट्या बहिणीचे लग्न ठरले होते. ठरवलेला छायाचित्रकार येणार होताच. पण घरच्या माणसांची चित्रे आपल्या हातची असावीत या हौसेने मी '४८ मेगापिक्सेल' असे ठळक अक्षरांत छापलेला एक कॅमेरा स्वस्तात घेतला. सीमांतपूजनाच्या संध्याकाळी आजी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून कोणाच्या तरी थट्टेवर खळखळून हसत होती. मला पाहताच म्हणाली, "अगं, माझा कसला फोटो काढतेस? नवरीचा काढ." मी तिचाच काढला. पुढच्या पावसाळ्यात आजी गेली. छायाचित्रकाराच्या चित्रांत ती आहे, पण सर्वांबरोबर ताठ बसलेली. हसणारी आजी केवळ माझ्या त्या एका चित्रात आहे. आणि तेथे रंगीत ठिपक्यांच्या धुक्यात तिचे हसणे जाणवते, चेहरा मात्र ओळखू येत नाही.

दोष आजीच्या हालण्याचा नव्हता, मंडपातील दिव्यांचाही नव्हता. चांगला कॅमेरा कशाने चांगला होतो, हेच मला ठाऊक नव्हते. ते समजून घेण्यात पुढे जो वेळ गेला, त्याचे सार वाचकांपुढे ठेवीत आहे.

आपल्या घरातील मोलाचे प्रसंग भर उन्हात क्वचितच घडतात. बारसे, औक्षण, देवघरासमोरची आरती, रात्रीच्या जेवणानंतरच्या गप्पा हे सारे दिव्याच्या बेताच्या उजेडात होते. सबब स्वल्प किमतीचा कॅमेरा पाहताना एकच प्रश्न मनात धरावा : थोड्या उजेडात याला कितपत दिसते? उन्हात तर बहुतेक सर्वच कॅमेरे बरे चित्र काढतात.

प्रथम मेगापिक्सेलचा भ्रम दूर करू. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लक्ष ठिपके. अल्बममध्ये लावतो ते ६ × ४ इंची चित्र एका इंचात ३०० ठिपके या उत्तम प्रतीने छापावयाचे तर १८०० × १२००, म्हणजे सुमारे २२ लक्ष ठिपके पुरतात. भिंतीवर लावण्याजोग्या १२ × ८ इंची चित्रालाही ८७ लक्षांवर लागत नाहीत. तेव्हा १२ मेगापिक्सेलच्या पुढील आकड्यासाठी घरगुती गिऱ्हाइकाने पैसे मोजण्याचे कारण नाही. अतिस्वस्त कॅमेऱ्यांत तर आतल्या पट्टीवर सांगितले तेवढे ठिपके कित्येकदा नसतातच. मधल्या जागा यंत्र अंदाजाने भरून काढते आणि वेष्टनावर मोठा आकडा छापला जातो. माझा कॅमेरा याच जातीचा होता.

खरे महत्त्व आहे ते या पट्टीच्या आकाराला. भिंगाच्या मागे बसवलेल्या या पट्टीस सेन्सर म्हणतात; पूर्वी फिल्म जे काम करी ते आता ती करते. पाऊस पडत असता अंगणात वाटी ठेवली तर थोडे पाणी साचते, परात ठेवली तर पुष्कळ. प्रकाशाचेही तसेच आहे. खिशात मावणाऱ्या सामान्य कॅमेऱ्याचा सेन्सर बहुधा सुमारे ६.२ × ४.६ मिलिमीटरचा असतो. 'एक इंची' म्हणून विकला जाणारा सेन्सर १३.२ × ८.८ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने चौपट असतो. (तो प्रत्यक्षात एक इंच नसतो, हे नाव जुन्या चलच्चित्र-कॅमेऱ्यांतील नळ्यांच्या मापावरून पडले आहे.) भिंग बदलता येणाऱ्या साध्या डीएसएलआर कॅमेऱ्यात तो साधारण २३ × १५ मिलिमीटरचा, म्हणजे पहिल्याच्या सुमारे बारापट असतो. माहितीपत्रकात हा आकार दिलेला असतो. दुकानदाराने सांगितला नाही तर आपण विचारावा.

दुसरी गोष्ट भिंगाची. भिंगाच्या कडेवर 'एफ' या अक्षरापुढे एक आकडा असतो. तो जितका लहान तितके भिंगाचे द्वार मोठे. एफ २ चे भिंग एफ २.८ च्या दुप्पट आणि एफ ४ च्या चौपट प्रकाश आत घेते. दोन आकडे दिले असतील तर दुसरा आकडा दूरचे दृश्य जवळ आणताना लागू होतो, हे ध्यानी घ्यावे.

झूम पाहताना फक्त 'ऑप्टिकल' हा आकडा विचारात घ्यावा. त्यात भिंग खरोखरच सरकते. 'डिजिटल' झूम म्हणजे चित्राचा मधला तुकडा कापून मोठा करणे. ते घरी संगणकावरही करता येते. हात हलल्याने येणारा अस्पष्टपणा कमी करणारी सोय, जिला स्टॅबिलायझेशन म्हणतात, ती असल्यास उत्तम. परंतु ती आपला हात सावरते, धावणाऱ्या मुलाला थांबवीत नाही. त्यासाठी पुन्हा प्रकाशच हवा.

येथे एक स्पष्ट सांगितले पाहिजे. घरात अलीकडच्या काळातील बरा मोबाइल असेल तर खिशातला लहान, स्वस्त, नवा कॅमेरा घेऊन फारसे काही वाढत नाही. म्हणूनच तर जपानच्या कॅमेरा-निर्मात्यांच्या संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०१० साली १२ कोटींवर डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले, ते २०२३ साली ८० लक्षांहूनही कमी झाले. स्वस्त लहान कॅमेऱ्यांचे नवे नमुने आज फार थोडे निघतात. मग बेताच्या पैशांत काय घ्यावे? माझे उत्तर असे : वापरलेला, पण नीट राखलेला डीएसएलआर आणि त्यास एफ १.८ चे ५० मिलिमीटरचे भिंग. कॅमेऱ्याबरोबर मिळणारे नेहमीचे भिंग त्याच अंतरावर साधारण एफ ५.६ देते. म्हणजे हे साधे, तुलनेने स्वस्त भिंग नऊपटीहून अधिक प्रकाश घेते. ते झूम होत नाही. आपणच दोन पावले पुढे-मागे व्हावे लागते. निकॉनच्या काही स्वस्त कॅमेऱ्यांत भिंग फिरवणारी मोटर नसते. त्यांच्यासाठी भिंगातच मोटर असलेला प्रकार मागावा.

जुना कॅमेरा घेताना घाई करू नये. भिंगातून विजेरीचा प्रकाश टाकून पाहावा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी होय आणि असा माल सोडून द्यावा. कोकण, केरळ, बंगाल अशा दमट प्रांतांत हा रोग सर्रास आढळतो. स्वतःचे कार्ड नेऊन दुकानाच्या आतल्या, कमी उजेडाच्या भागात फ्लॅश न वापरता सोबतच्या माणसाचे चित्र काढावे व ते घरी मोठे करून पाहावे. बॅटरी आजही नवी मिळते का, हे आधी विचारावे. काही जुन्या कॅमेऱ्यांना एक्सडी या जातीचे कार्ड लागते, ते आता तयार होत नाही. २००६ पूर्वीचे पुष्कळ कॅमेरे दोन गिगाबाइटहून मोठे एसडी कार्ड ओळखीत नाहीत.

वस्तू नवी असो वा जुनी, बिल अवश्य घ्यावे. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. मी बिल घेतले नव्हते, म्हणून मला गप्प बसावे लागले.

घरी आणल्यावर कॅमेरा चामड्याच्या पिशवीत कपाटात कोंडून ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा आणि पंधरवड्यातून एकदा तरी बाहेर काढून वापरावा. वापरल्याने हातही बसतो आणि ऐन प्रसंगी धांदल होत नाही.

असा जुना कॅमेरा गेल्या दिवाळीत आमच्या घरी आला. भाऊबिजेच्या रात्री आई निरांजन घेऊन मामाला ओवाळीत होती. मोठा दिवा मी मुद्दाम लावू दिला नाही. त्या चित्रात निरांजनाच्या उजेडात आईच्या चेहऱ्यावरची एकेक सुरकुती दिसते. आई म्हणाली, "किती गं म्हातारी दिसते मी!" ते चित्र आम्ही त्याच आठवड्यात छापून घेतले. एक प्रत मामाकडे गेली. दुसरी आजीच्या त्या अस्पष्ट चित्राशेजारी लावली आहे.

काढलेली चित्रे वर्षानुवर्षे सुरक्षित कशी ठेवावीत, याचा विचार पुढील अंकी करू.