गोरं करून देणाऱ्या दोस्तांना

फोटोशॉपला जात नसते, असं एका शिकलेल्या मित्रानं मला परवा सुनावलं. अरे, सॉफ्टवेअर आहे ते, त्याला काय कळतंय कोण कुठल्या आळीतला. ० ते २५५ आकडे आहेत नुसते. बरोबर आहे. मनुस्मृतीतही नुसती अक्षरंच होती.

दोस्तांनो, या अंकात मी त्या आकड्यांवरच लिहिणार आहे. नाक्यानाक्यावरचे आपले फ्लेक्स बघून डोकं फिरलंय. १४ एप्रिलचा बोर्ड घ्या, भाऊच्या वाढदिवसाचा घ्या. खाली पंचवीस चेहरे आणि पंचवीसच्या पंचवीस चेहऱ्यांचा रंग एकच, उकडलेल्या बटाट्याचा. आमच्या वस्तीत एक बाई वारली. तीस वर्षं रस्ता झाडला तिनं, उन्हात रापली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी बोर्ड लागला तेव्हा तिची नात विचारत होती, ही कोण? खाली आजीचं नाव, वर कुणीतरी गुलाबी गालाची शेठाणी. घरच्यांनी असलं काही सांगितलं नव्हतं. ऑपरेटर म्हणाला, "दादा, जरा क्लिअर केलं फक्त." त्याचे जादा पैसेही नाही घेतले. पोरगं आपलंच होतं, जयभीम घालणारं. त्याला शिवी देऊन मी मोकळा होणार नाही. त्याच्या हातातली पट्टी काय करते, ते त्याला कुणी शिकवलेलंच नाही.

सावळ्या गालावरचा एक ठिपका घ्या. लाल १२०, हिरवा ८०, निळा ६०. लाल आणि निळ्यामधलं हे जे ६० चं अंतर आहे, त्यातच आपल्या कातडीचा तांबूस, मातीचा जिवंतपणा आहे. आता ह्यू-सॅच्युरेशनच्या खिडकीत जाऊन 'लाइटनेस'ची पट्टी ४० वर ओढा. ती पट्टी चेहऱ्यावर उजेड पाडत नाही, चुना ओतते. प्रत्येक आकड्यात पांढरा मिसळतो आणि ठिपका होतो १७४, १५०, १३८. ६० चं अंतर ३६ वर आलं. चेहऱ्याला राख फासल्यासारखी दिसते, मग राख लपवायला ऑपरेटर वरून गुलाबी मारतो, झाली शेठाणी तयार.

तोच मूळ ठिपका लेव्हल्समध्ये न्या. उजव्या टोकाचा पांढरा त्रिकोण २५५ वरून १७६ वर आणा. लाल तसाच १७४ होतो, पण हिरवा ११६ आणि निळा ८७ वर थांबतो. माणूस उजेडात आला, रंग त्याचा त्याच्यापाशी राहिला. (१७६ च्या वरचं सगळं, म्हणजे सदरा नि आभाळ, फटफटीत पांढरं होतं, म्हणून हे चेहऱ्यापुरता मास्क लावून करायचं. दहा मिनिटं जास्त लागतात. लागू द्या.)

उजेड वेगळा आणि रंग वेगळा, हे काही मी शोधून काढलेलं नाही. १९७६ साली सीआयई या आंतरराष्ट्रीय मंडळानं 'लॅब' नावाची मोजणी ठरवली. तिच्यात एक आकडा निव्वळ उजळपणाचा, ० ते १००, आणि दोन आकडे रंगाचे, एक हिरव्याकडून लालकडे, एक निळ्याकडून पिवळ्याकडे. फोटोशॉपमध्ये ती आहे. त्यात फक्त पहिल्या आकड्याला हात लावून बघा.

उजेड वाढवूच नका, असं मी म्हणत नाही. कॅमेराही काही साधुसंत नाही. पांढरा सदरा, मागं आभाळ, मध्ये आपला माणूस. मीटर सगळ्याची सरासरी काढतो, आभाळ सांभाळतो आणि माणसाला अंधारात ढकलतो. तिथून त्याला बाहेर काढणं हा न्यायच. भर दिवसा दारात उभा असताना तो जसा दिसतो तिथवर यायचं. एक पाऊल पुढं गेलात की चुना.

आणि तो 'ऑटो'! करडा ड्रॉपर सदऱ्यावर टेकवला की सॉफ्टवेअर धरून चालतं, इथं रंग नाहीच. पण आपला सदरा निळीतून काढलेला असतो. ते निळाई उपसायला जातं आणि सगळ्या मिरवणुकीला कावीळ करून ठेवतं. आईच्या बादलीतली नीळ त्या इंजिनिअरच्या हिशेबात कुठून येणार!

हिशेब कुणाच्या चेहऱ्यावरून बसवले, तेही सांगतो. कोडॅक कंपनी गेल्या शतकाच्या मध्यापासून फोटो धुणाऱ्या लॅबांना नमुन्याचं एक कार्ड पाठवायची. त्यावर गोरी बाई. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्याला शर्ली कार्ड म्हणत. तिची कातडी नीट छापली गेली की मशीन बरोबर लागलं म्हणायचं. कार्डावर शब्द असायचा, नॉर्मल. त्या मशिनीतून काळा माणूस गेला की दात आणि डोळे उरायचे. कॅनडातल्या संशोधक लॉर्ना रॉथ यांनी २००९ साली हा सगळा इतिहास मांडला. त्यात कळतं की कोडॅकनं तपकिरी रंगाकडं नीट लक्ष दिलं ते चॉकलेटवाल्यांनी आणि लाकडी फर्निचरवाल्यांनी ओरड केल्यावर. आमच्या मालाच्या छटा येत नाहीत म्हणून. माणसाच्या आधी कपाटाचं ऐकलं गेलं. माझ्या त्या मित्राला कुणीतरी हे वाचून दाखवा.

पट्टी उलटीही ओढली जाते. २७ जून १९९४ च्या 'टाइम'नं ओ. जे. सिम्प्सनचा पोलिसांनी काढलेला फोटो मुद्दाम काळवंडून मुखपृष्ठावर छापला. त्याच आठवड्यात 'न्यूजवीक'नं तोच फोटो तसाच छापला, म्हणून दुकानात शेजारी शेजारी ठेवल्यावर झोल उघडा पडला. लग्नाला उभी केलेली पोरगी असेल तर पट्टी उजवीकडे, आरोपी असेल तर डावीकडे.

बाबासाहेबांचे बहुतेक मूळ फोटो कृष्णधवल. कॅलेंडरवरचे गुलाबी गाल आणि लाल ओठ नंतर कुणीतरी भरले, आता तेच काम यंत्र सेकंदात करतं. कृष्णधवल फोटोत उजळपणा तेवढा असतो, रंगाचा पुरावा नसतो. म्हणजे जो रंग भरला तो भरणाऱ्याच्या डोक्यातला. मोठ्या माणसाचा चेहरा गोराच असणार, हे त्या डोक्यात कुणी घातलं?

निळ्याचंही तेच. पडद्यावर ०, ०, २५५ चा पेटलेला निळा चार शायांच्या छपाईत मिळतच नाही. सायान १०० आणि मॅजेंटाही १०० दिलात की झेंडा जांभळा होऊन येतो. मॅजेंटा ७० च्या खाली ठेवा.

ऑपरेटर दोस्ता, "गिऱ्हाईकच गोरं मागतं" म्हणशील. मागतं, खरंय. १९७० साली अमेरिकेत पोलरॉइड कंपनीतल्या दोन काळ्या कामगारांना, कॅरोलिन हंटर आणि केन विल्यम्सना, कळलं की आपल्या कंपनीची यंत्रं दक्षिण आफ्रिकेत काळ्यांच्या पासबुकांचे फोटो काढायला चाललीत. पासबुक म्हणजे आपल्याच देशात कुठं फिरायचं त्याचा परवाना. ती केमिस्ट, तो फोटोग्राफर. दोघांनी संघटना काढली, बहिष्कार पुकारला. हंटरची नोकरी गेली. १९७७ साली कंपनीला तिथून गाशा गुंडाळावा लागला. तुला नोकरी सोड म्हणत नाही. गिऱ्हाइकाला दोन्ही फोटो शेजारी लावून दाखव आणि विचार, यातली तुझी आई कुठली?

पुढच्या अंकाचं मुखपृष्ठ कामावरच्या आपल्या माणसांचं करायचं आहे. फोटो पाठवा. फोनचा ब्युटी मोड बंद करा, माणसाला सावलीत, तोंड उजेडाकडं करून उभं करा. व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून टाका, नाहीतर ते फोटो दाबून टाकतं. खाली त्याचं नाव आणि काम लिहा, आणि फोटो छापायला त्याची हरकत नाही ना, ते विचारून घ्या. महिनाअखेरपर्यंत आले पाहिजेत.