मागे घेतलेली बोली

हरयाणा राज्यात २०२५ च्या नोव्हेंबर महिन्यात मोटारीच्या एका नंबराचा ऑनलाईन लिलाव झाला. ‘एचआर ८८ बी ८८८८’ हा तो नंबर. आरंभीची किंमत पन्नास हजार रुपये ठरलेली होती. बोली चढत चढत गेली ती १ कोटी १७ लाखांवर जाऊन थांबली. देशभरच्या वृत्तपत्रांनी ही बातमी कौतुकाने छापली. पण पैसे भरण्याची मुदत उलटून गेली तरी बोली करणारा गृहस्थ पुढे आला नाही आणि तो नंबर पुन्हा लिलावाच्या वाटेला लागला. त्याआधी २०२३ च्या फेब्रुवारीत हिमाचल प्रदेशात एका स्कूटरच्या नंबरावर अशीच १ कोटी १२ लाखांची बोली लागली होती. तेथेही आरंभी गाजावाजा झाला आणि पुढे पैशांचा पत्ता नव्हता.

या बातम्या बहुतेकांनी हसण्यावारी नेल्या असतील. आम्हांस मात्र त्यांत हसण्यासारखे फारसे दिसत नाही. ज्या माणसाने आपल्या ऐपतीचा विचार करून प्रामाणिकपणे काही लाखांची बोली केली आणि कोटीचा आकडा पाहून तो मुकाट्याने बाजूला झाला, त्याचे काय? सरकारी खात्याचा वेळ गेला, लिलाव नव्याने करावा लागला, त्याची भरपाई कोणी करावयाची? आणि मुख्य म्हणजे, चार माणसांसमक्ष उच्चारलेल्या आकड्याला काहीच वजन उरले नसेल, तर लिलाव या व्यवहाराला तरी काय अर्थ उरला?

लिलाव हा शब्दच मुळी आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला. त्यांच्या भाषेतील ‘लेइलांव’ मराठीच्या तोंडी लिलाव झाला. पण गोमंतकात त्याहून जवळचा शब्द आहे तो पावणी. देवळाच्या चौकात देवाला वाहिलेला नारळ, केळीचा घड किंवा लुगडे यांची पावणी होते, तेव्हा बाजारात अल्प किमतीला मिळणाऱ्या वस्तूला भाविक कितीतरी अधिक रक्कम बोलतो. मानशीवरच्या मासळीची पावणी होते, कोमुनिदादीच्या शेतांची पावणी होत आली. या साऱ्या ठिकाणी ‘एकवार, दोनवार, तीनवार’ हा पुकारा होईपर्यंत माणसाला आपला विचार बदलण्यास वाव असे. पण तो बदलताना सारा गाव त्याच्याकडे पाहत असे. उगाच आकडा फुगवून मागे सरणारा इसम पुढच्या पावणीत तोंड उघडण्यापूर्वी दहादा विचार करी. आपल्या भाषेने या व्यवहाराला ‘बोली’ हे नाव दिले आहे, ते सार्थ आहे. बोली म्हणजे नुसता आकडा नव्हे, तो बोल होय.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बोली मागे घेणे हे स्वतः पाप नव्हे. कायद्यानेच तो हक्क दिलेला आहे. लंडनमध्ये १७८९ साली एका खटल्यात हा प्रश्न आला होता. लिलावात एकाने दारू गाळण्याच्या सामग्रीवर चाळीस पौंडांची बोली केली आणि हातोडा पडण्यापूर्वी ती मागे घेतली. बोली ही केवळ एक तयारी आहे, हातोडा पडला म्हणजेच ती स्वीकारली गेली, तोपर्यंत दोन्ही पक्ष मोकळे, असा निर्णय न्यायालयाने दिला. हेच तत्त्व आपल्या १९३० च्या मालविक्री कायद्याच्या ६४ व्या कलमात आले. लिलाव पुरा झाल्याचे हातोड्याने किंवा रूढ रीतीने जाहीर होईपर्यंत बोली मागे घेता येते, असे ते कलम सांगते. त्याच कलमात आणखी एक मोलाची गोष्ट आहे: विक्रेत्याने आधी तसे जाहीर केले नसेल तर त्याला स्वतः किंवा आपल्या माणसाकरवी बोली करता येत नाही, आणि खोट्या बोलीने किंमत चढविली गेली असेल तर खरीददाराला तो व्यवहार नाकारता येतो.

विक्रेत्यालाही अशीच मोकळीक मिळाली. १८७३ साली इंग्लंडात एका दलालाने लिलावाची जाहिरात वाचली आणि कचेरीचे सामान विकत घेण्यासाठी तो लंडनहून गाडीखर्च करून त्या गावी गेला. तेथे गेल्यावर कळले की ते सामान लिलावातून काढून घेतले आहे. त्याने प्रवासखर्चासाठी दावा लावला. जाहिरात म्हणजे नुसता इरादा, वचन नव्हे, असे सांगून न्यायालयाने त्याला रिकाम्या हाती परत पाठविले.

हे सारे नियम ज्या काळात घडले त्या काळात लिलाव एका खोलीत, एका तासात आणि उघड्या चेहऱ्यांनी होत असे. १९९५ साली अमेरिकेत ‘ईबे’ हे संकेतस्थळ निघाले आणि हातोड्याच्या जागी घड्याळ आले. लिलाव तासाचा न राहता आठवड्याचा झाला. बोली करणारा कोण, कोठला, हे शेजारच्याला कळेनासे झाले. मागे घेण्याचा हक्क तोच राहिला. त्याला लगाम घालणारी लाज मात्र नाहीशी झाली. मग त्या हक्काचा धंदा होण्यास किती उशीर?

हा धंदा कसा चालतो ते वाचकांनी समजून घ्यावे. समजा, एका जुन्या पितळी समईवर पाचजण बोली करीत आहेत. एकाने दोन हजार बोलले. लगेच त्याच्याच मित्राने दुसऱ्या नावाने वीस हजार बोलले. एवढा आकडा पाहून बाकीचे निघून गेले. लिलाव संपण्याच्या थोडे आधी मित्राने बोली मागे घेतली. कारण दिले, ‘चुकून एक शून्य जास्त पडले.’ दोन हजारांची बोली वर आली आणि समई मित्राच्या मित्राला मिळाली. यात नागवला तो विक्रेता, आणि सहा-सात हजार देण्यास तयार असलेला प्रामाणिक गिऱ्हाईक. दुसरी युक्ती याच्या उलट आहे. अशा संकेतस्थळांवर माणूस आपली कमाल रक्कम गुप्तपणे नोंदवून ठेवतो आणि यंत्र त्याच्या वतीने लागेल तेवढीच बोली वाढवीत जाते. विक्रेत्याचा हस्तक मोठी बोली करून ती गुप्त मर्यादा कोठे आहे ते हुडकतो, आपली बोली मागे घेतो, आणि मग त्या मर्यादेच्या जरा खाली येऊन थांबतो. खिशातली शेवटची पै कोणती हे विक्रेत्याला आधीच ठाऊक झाले, म्हणजे तो लिलाव राहिला कोठे?

संकेतस्थळांनी यावर नियम केले नाहीत असे नाही. ईबेवर बोली मागे घेण्यासाठी कारण द्यावे लागते: आकडा चुकीचा पडला, किंवा विक्रेत्याने वस्तूचे वर्णनच पुढे बदलले, अशा स्वरूपाचे. शेवटच्या बारा तासांत केलेली बोली एका तासाच्या आतच मागे घेता येते. विक्रेत्यालाही शेवटचे बारा तास सुरू झाले आणि बोली लागलेली असली की माघार घेता येत नाही. भारतातील ईबेचे दुकान २०१८ साली बंद झाले. पण हा बारा तासांचा नियम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. कारण मन बदलण्याचा हक्क असावा, पण त्याला वेळेची मर्यादा असावी, आणि ती दोन्ही पक्षांना असावी, हे शहाणपण त्यात आहे.

न्यायालयांनीही विक्रेत्याला वेसण घातली आहे. ऑस्ट्रेलियात एका गृहस्थाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील आपले विमान दीड लाख डॉलरच्या किमान किमतीला ऑनलाईन लिलावात ठेवले. एकाने बरोबर तेवढीच बोली केली आणि ती एकच बोली राहिली. दरम्यान विमानमालकाला बाहेर एक लाख डॉलर जास्त देणारा भेटला, म्हणून त्याने विमान देण्याचे नाकारले. २००७ साली न्यायालयाने निकाल दिला की घड्याळ संपले तेव्हाच करार झाला. विमान बोली करणाऱ्याच्या स्वाधीन करावे. जर्मनीत एकाने आपली मोटार एक युरोपासून लिलावात ठेवली आणि काही तासांतच बाहेर गिऱ्हाईक मिळाले म्हणून लिलाव मोडला. तोवर एकानेच बोली केली होती. २०१४ साली तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने मोटारीची खरी किंमत ५,२५० युरो धरून, एक युरो वजा करून, ५,२४९ युरो त्या बोली करणाऱ्यास देवविले. स्वस्तात सौदा होण्याची जोखीम विक्रेत्याने स्वतःच पत्करली होती, हा त्यातील न्याय.

आपल्याकडे अशा हौशी लिलावांपेक्षा सरकारी आणि बँकांचे ई-लिलाव अधिक. थकलेल्या कर्जापोटी बँका घरे, गाळे, जमिनी विकतात त्या आता याच मार्गाने. गोव्याच्या पहिल्या चार खाणपट्ट्यांचा लिलाव २०२२ च्या डिसेंबरात झाला तोही ई-लिलाव. म्हणजे बोलीची विश्वासार्हता हा आता समईपुरता प्रश्न राहिलेला नाही. सार्वजनिक संपत्ती याच दारातून बाहेर जात आहे.

येथे बोली करणाऱ्यासाठी नियम कडक आहेत, आणि ते असावेत. बँकेच्या लिलावात ज्याची बोली मान्य होते त्याने लगोलग पंचवीस टक्के रक्कम भरावयाची. उरलेली मुदतीत भरली नाही तर ती पंचवीस टक्के जप्त. ही सारी रक्कम जप्त करणे कायदेशीर आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या फेब्रुवारीत ठरविले. पण त्याच मापाने बँकेलाही मोजले पाहिजे. नवी मुंबईतील एका तारण मालमत्तेचा लिलाव २०२३ साली १०५ कोटींना झाला, बोली मान्य झाली. आणि मग कर्जदार १२९ कोटी घेऊन उभा राहताच बँक त्याच्याशी व्यवहार करण्यास राजी झाली. उच्च न्यायालयाने ते चालवूनही घेतले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तो निर्णय रद्द केला आणि लिलावाचे पावित्र्य राखले पाहिजे असे बजावले. चोवीस कोटी जास्त मिळत असतानाही न्यायालयाने दिलेला शब्द मोठा मानला, याचे मोल आम्हांस फार वाटते.

तरीही काही वेळा माघार हेच कर्तव्य ठरते. पिपरहवा येथे १८९८ साली सापडलेल्या, बुद्धाच्या अवशेषांसोबतच्या रत्नांचा लिलाव २०२५ च्या मे महिन्यात हाँगकाँगला व्हावयाचा होता. भारत सरकारने नोटीस दिली, लिलाव थांबला, आणि जुलैअखेर ती रत्ने स्वदेशी आली. पहिली बोली होण्यापूर्वीच, उघड कारणासाठी घेतलेली ही माघार कोणाच्याही विश्वासाला तडा देणारी नव्हती. याच्या उलट २००९ सालच्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला गांधीजींचा चष्मा, चपला, घड्याळ आणि ताटवाटी लिलावात आली. ऐनवेळी मालकाने वस्तू काढून घेण्याची इच्छा जाहीर केली. लिलावगृहाने ती मानली नाही आणि १८ लाख डॉलरना त्या विकल्या गेल्या. ज्याने आयुष्यभर अपरिग्रह सांगितला त्याच्या चपलांचा पुकारा होताना पाहून अनेकांचे मन विटले. पण माघारीला वेळ असते आणि ती टळली की मालकाची इच्छाही पुरी पडत नाही, हाही धडा त्यातून घ्यावयाचा आहे.

मग करावयाचे काय? आमचे म्हणणे थोडक्यात असे. अनामत घेतल्याशिवाय कोणाचीही बोली नोंदवू नये आणि ती अनामत बोलीच्या आकड्याबरोबर वाढावी. पन्नास हजारांच्या वस्तूवर कोटीचा आकडा फुकट बोलता येऊ नये. मागे घेतलेली प्रत्येक बोली कारणासह साऱ्यांना दिसावी. गुपचूप पुसली जाऊ नये. बोली मागे गेल्यामुळे जे आधी बाजूला झाले त्यांना कळवून पुन्हा संधी मिळावी. आणि विक्रेता, मग तो खाजगी असो, बँक असो वा सरकार असो, त्याने लिलाव मोडला तर लेखी कारण द्यावे आणि बोली करणाऱ्यांचा खर्च सोसावा. सर्वांत मोठी बोली केली एवढ्यानेच हक्क प्राप्त होत नाही हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे, ते आम्हांस मान्य आहे. परंतु हक्क नाही म्हणजे उत्तर मागण्याचाही अधिकार नाही, असे नव्हे.

ही मागणी अद्भुत नाही. २०२० च्या ई-व्यापारविषयक ग्राहक संरक्षण नियमांत हेच तत्त्व आले आहे: कंपनीने आपणहून खरेदी रद्द केल्यास तेवढाच भुर्दंड स्वतः सोसण्याची तयारी नसेल, तर खरेदी रद्द करणाऱ्या ग्राहकाकडूनही तिने दंड घेऊ नये. दोघांना एकच माप. साध्या खरेदीला जे लागू होते ते लिलावाला का नसावे?

कायदा काही काम करील, सगळे नाही. देवळाच्या चौकात नारळ बोलणाऱ्या माणसाकडून कोणी अनामत घेत नाही, आणि तरी तो पैसे भरतो. कारण आपला बोल ऐकणारे कोणी आहे, हे त्याला ठाऊक असते. पडद्यासमोर एकट्याने बसून बोट दाबणाऱ्यालाही पलीकडे माणसे आहेत, त्यांचे पैसे आणि आशा आपल्या आकड्यावर टांगलेल्या आहेत, याची आठवण राहील अशी व्यवस्था सरकारने आणि हे लिलाव चालविणाऱ्यांनी उभी करावी. हरयाणाच्या त्या नंबराची थट्टा करून हा विषय सोडून दिला, तर उद्या तोच खेळ खाणपट्ट्यावर आणि गरिबाच्या जप्त झालेल्या घरावर खेळला जाईल. तेव्हा हसण्याचे काही कारण उरणार नाही.