घरच्या मुलाची किंमत

आमच्या घरांत फुटबॉलचा शिरकाव नॉटिंगहॅममार्गें झाला. धाकट्या बंधूंचा नातू २०२१ ते २०२३ अशीं दोन वर्षें तेथें शिकावयास होता. परत आला तो पदवीबरोबर एक तांबडा गळपट्टा आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट नांवाच्या क्लबाचा आजन्म अभिमान घेऊन. तेव्हांपासून सुटीच्या रात्रीं आमच्या दिवाणखान्यांतला दिवा लवकर मालवत नाहीं. निवृत्तीनंतर मलाही झोंप कमी. मी त्याच्याजवळ बसतों आणि न समजलेलें विचारीत राहतों. आजचा विषय अशाच एका प्रश्नोत्तरांतून निघालेला आहे.

ब्रेनन जॉन्सन हा या कथेचा नायक. जन्म नॉटिंगहॅमचाच, मे २००१ मधला. बाप डेव्हिड जॉन्सन त्या सुमारास फॉरेस्टकडूनच खेळत होता. आठव्या वर्षीं मुलगा क्लबाच्या अकादमींत, म्हणजे आपल्या भाषेंत क्लबाच्या गुरुकुलांत, दाखल झाला आणि तेथेंच वाढला. फॉरेस्टचें घराणें जुनें व कीर्तिमान. ब्रायन क्लफ यांच्या हाताखालीं १९७९ आणि १९८० अशीं लागोपाठ दोन वर्षें त्यानें युरोपचें अजिंक्यपद मिळविलें होतें. पुढें दिवस फिरले. १९९९ सालीं हा क्लब वरच्या वर्गांतून खालीं घसरला, तो तेवीस वर्षें वर आला नाहीं. अखेर मे २०२२ मध्यें वेंब्लेच्या मैदानावर हडर्सफील्डला १–० असें हरवून तो प्रीमियर लीगमध्यें परतला. त्या हंगामाच्या साखळींत जॉन्सननें १६ गोल केले होते. घरच्याच मुलानें घर पुन्हां उभें केलें, अशी त्या गांवाची भावना झाली असल्यास तींत अतिशयोक्ति फारशी नाहीं. आणि त्यानंतर दीड वर्ष पुरतें उलटण्यापूर्वींच, १ सप्टेंबर २०२३ रोजीं, खरेदीविक्रीची मुदत संपण्याच्या दिवशीं, त्याला ४ कोटी ७५ लक्ष पौंडांस टॉटनहॅमला देऊन टाकण्यांत आलें. फॉरेस्टला कोणत्याही खेळाडूबद्दल तोंवर एवढी रक्कम मिळालेली नव्हती.

त्या रात्रीं आमचा नातू जेवला नाहीं असें नाहीं. जेवला, पण बोलला नाहीं.

माझ्यासारख्या संस्कृत शिक्षकास सांत्वनाचें एकच साधन ठाऊक. मीं त्याला शाकुंतलाचा चौथा अंक सांगितला. कण्व हा अरण्यांत राहणारा विरक्त ऋषि. शकुंतला त्याच्या पोटची कन्याही नव्हे. तरी तिला पतिगृहीं धाडतांना त्याचा गळा दाटून येतो. मग ट्रेंट नदीच्या कांठच्या त्या हजारों लोकांस वाईट वाटलें यांत नवल काय? मूल वाढलें, मोठ्या घरीं गेलें. डोळे पुसावे आणि आशीर्वाद द्यावा. नातवानें सारें शांतपणें ऐकून घेतलें आणि एवढेंच विचारलें, “आजोबा, कण्वानें पैसे घेतले होते का?”

मी निरुत्तर झालों. कन्या सासरीं धाडणें आणि शुल्क मोजून घेऊन ती देणें यांतील भेद आपल्या धर्मशास्त्रानें स्पष्ट सांगितला आहे. दुसऱ्या प्रकारास आसुर विवाह असें नांव आहे. १८९९ सालीं देवलांनीं ‘शारदा’ रंगभूमीवर आणली, तींतला कांचनभट आपल्याकडे अजून कोणी विसरलेलें नाहीं. त्या चाहत्यांचा सल नेमका येथें आहे, हें माझ्या तेव्हां ध्यानांत आलें. मुलगा गेला याचें दुःख निर्मळ असतें. पण मुलगा गेला, त्याचे पैसे चांगले आले, आणि ते आल्याबद्दल आपल्याला बरेंही वाटलें, हें कबूल करतांना माणूस ओशाळतो.

अर्थात् उपमा फार ताणूं नये. शारदेला कोणी विचारलें नव्हतें. जॉन्सनच्या संमतीवांचून त्याला हलवितां आलें नसतें. विकला जातो तो माणूस नव्हे, त्याच्या कराराचा उरलेला काळ. हीही स्थिति सहजासहजीं आलेली नाहीं. पूर्वीं इंग्लंडांत करार संपला तरी क्लब खेळाडूस अडकवून ठेवूं शके. जॉर्ज ईस्टहॅम या खेळाडूनें त्याविरुद्ध न्यायालयांत दाद मागितली आणि १९६३ सालीं ती रीत अन्यायाची ठरली. पुढें १९९५ सालीं बोसमन नांवाच्या बेल्जियन खेळाडूच्या खटल्यांत युरोपीय न्यायालयानें निर्णय दिला, कीं करार संपल्यावर जुन्या क्लबाला मोबदला मागतां येणार नाहीं. मुलांची बेडी तुटली हें उत्तमच झालें. पण तेव्हांपासून घरच्या मुलाचा करार संपत आला, कीं घरच्यांस घाई सुटते; आज विकला नाहीं तर उद्यां तो फुकट जाईल.

इतकें मला समजलें होतें. न समजलेला भाग आमच्या धाकट्या सूनबाईंनीं समजावून दिला. त्या सनदी हिशेबनीस आहेत आणि फुटबॉलचा त्यांना कंटाळा आहे. त्यामुळें त्यांचें मत निःपक्षपाती समजावयास हरकत नाहीं. त्या म्हणाल्या, समजा, क्लबानें परका खेळाडू ४ कोटींस घेतला आणि पांच वर्षांचा करार केला. वहींत ती रक्कम घसाऱ्याप्रमाणें दरसाल ८० लक्ष अशी खर्चीं पडते. दोन वर्षांनीं त्याला पुन्हां ४ कोटींसच विकला, तर वहींत २ कोटी ४० लक्ष शिल्लक असल्यामुळें नफा दिसतो अवघा १ कोटी ६० लक्ष. पण जो मुलगा आठव्या वर्षापासून घरींच वाढला, त्याला कोणी विकत घेतलेलाच नाहीं. त्याची वहींतली किंमत शून्य. म्हणून तो ४ कोटी ७५ लक्षांस गेला, कीं तेवढाच्या तेवढा नफा, आणि तोही त्याच वर्षीं.

“म्हणजे काकू, सर्वांत आधीं विकावयाचा तो आपलाच?” नातवानें विचारलें.

“वहीला आपला आणि परका कळत नाहीं,” त्या म्हणाल्या.

यांतली मौज, मौज म्हणवत नाहीं तरी म्हणतों, अशी कीं नियम करणाऱ्यांचा हेतु चांगला होता. क्लबांनीं कर्जांत बुडूं नये म्हणून प्रीमियर लीगनें तोट्यावर मर्यादा घातली होती: तीन वर्षांत मिळून १० कोटी ५० लक्ष पौंड. अकादमीवरचा खर्च त्या तोट्यांत धरीत नसत, हेतु हा कीं क्लबांनीं मुलें वाढवावीं. क्लबांनीं तीं वाढविलीं, आणि मर्यादा गांठण्यासाठीं विकलीं. २०२४ सालीं चेल्सीनें कॉनर गॅलाघरला आणि मँचेस्टर युनायटेडनें स्कॉट मॅक्टॉमिनेला परदेशीं धाडलें. दोघेही लहानपणापासून त्या त्या घरीं वाढलेले.

फॉरेस्टची गोष्ट मात्र याहूनही अवघड आहे. दोन वर्षें खालच्या वर्गांत काढल्यामुळें त्याची मर्यादा कमी, म्हणजे ६ कोटी १० लक्ष पौंड, होती. वर आल्यावर पुष्कळ खेळाडू विकत घेतले. तोटा मर्यादेपलीकडे ३ कोटी ४५ लक्षांनीं गेला. हिशेबाचें वर्ष संपलें ३० जून २०२३ ला. त्यापूर्वीं जॉन्सनला विकलें असतें तर भोंक बरेंचसें बुजलें असतें, पण पैसे कमी आले असते. क्लब दोन महिने थांबला आणि पुरती किंमत घेतली. लीगच्या चौकशीमंडळापुढें त्यानें हेंच सांगितलें: आम्ही थांबलों तें शहाणपणानेंच. मंडळानें तें ऐकलें, पण मानलें नाहीं. १८ मार्च २०२४ रोजीं चार गुण कापले गेले. खरें तर सहाच कापावयाचे. कबुली लवकर दिली व चौकशीस साह्य केलें म्हणून दोन सोडले.

येथें आजोबा-नातवांत वाद झाला, आणि मी अद्याप माझ्या मतावर आहें. घंटा झाल्यानंतर आणखी अर्धा तास लिहीत बसलेल्या मुलाचा पेपर जास्त चांगला होतो, यांत शंका नाहीं. परंतु ज्यांनीं घंटेबरोबर लेखणी खालीं ठेवली त्यांचें काय? इतर क्लबांनींही घंटा पाळण्यासाठीं आपले खेळाडू स्वस्तांत दिलेच असतील. शिक्षा योग्य होती. नातू म्हणतो, “मग जूनमध्यें त्याला मिळेल त्या भावानें द्यावयाचा होता का?” या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नाहीं. त्याची पहिली इच्छा मुलगा जाऊंच नये ही. जाणारच असेल तर त्याची योग्य किंमत व्हावी ही दुसरी. आणि ती झाल्याबद्दल दंड नसावा ही तिसरी. पहिली खरी, दुसरी पहिलीला खोटें पाडते, आणि तिसरी मागतांना तो स्वतःच हसला.

माझ्या शिक्षकीच्या काळांत आमच्या लहान गांवच्या शाळेंतला एक मुलगा नववीनंतर शहरांतल्या एका मोठ्या शाळेनें उचलला. शाळासोडल्याचा दाखला मींच लिहिला. पुढच्या वर्षीं परीक्षेच्या गुणवत्ता-यादींत त्याचें नांव आलें, त्यापुढें शाळा ती मोठी. आमच्या मुख्याध्यापकांनीं पेढे वाटले, आणि वाटून झाल्यावर दोन दिवस कोणाशीं नीट बोलले नाहींत. त्यांना कोणी पौंड दिले नव्हते. दिले असते, तर आमच्या गळक्या छपरावर नवीं कौलें पडलीं असतीं, हाही विचार त्या दिवसांत माझ्या मनांत येऊन गेला.

फॉरेस्टनें कौलें घातलीं. जॉन्सन गेला त्याच दिवशीं कॅलम हडसन-ओडॉय आला. तो चेल्सीच्या अकादमींत लहानाचा मोठा झालेला. त्याआधीं जुलैमध्यें अँथनी एलांगा आला होता, तो मँचेस्टर युनायटेडच्या घरचा. नातवानें त्या दोघांचें तोंड भरून कौतुक केलें. तेव्हां चेल्सीचा आणि मँचेस्टरचा कोणी पोरगा आपापल्या घरीं अबोल बसला असेल, हें मीं त्याला त्या वेळीं सांगितलें नाहीं. चार गुण जाऊनही फॉरेस्ट ३२ गुणांनिशीं सतरावा राहिला आणि वर्गांत टिकला. २६ डिसेंबर २०२४ ला टॉटनहॅम नॉटिंगहॅमला आलें तेव्हां १–० असा विजय झाला, गोल एलांगाचा.

२१ मे २०२५ रोजीं बिल्बाओ येथें युरोपा लीगचा अंतिम सामना झाला, टॉटनहॅम विरुद्ध मँचेस्टर युनायटेड. आपल्याकडे तेव्हां मध्यरात्र उलटून गेली होती. बेचाळिसाव्या मिनिटास गोल झाला. ओबडधोबड गोल, चेंडूला जॉन्सनचा पाय धड लागला कीं नाहीं हें दोनदां पाहावें लागलें. पण तो त्याच्याच नांवावर धरला गेला, सामना १–० असा सुटला, आणि टॉटनहॅमला सतरा वर्षांनीं पहिला चषक मिळाला. नातू अर्धवट उठून उभा राहिला आणि पुन्हां बसला. सकाळीं चहाच्या वेळीं सूनबाईंनीं सहज विचारलें, “काल कोण जिंकलें?”

“टॉटनहॅम,” तो म्हणाला, आणि कप बशींत ठेवून, “गोल आमच्या ब्रेनननें केला.”